पत्त्यावरून वॉलेट ओळखता येतं का? तपासणी कुठून सुरू करायची, कुठे थांबायची

बेळगावच्या शहापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. प्रिंटर आणि लॅपटॉपच्या कामांत अधूनमधून कुणीतरी क्रिप्टोचा लांबलचक पत्ता घेऊन येतं. कुणी खानापूरहून, कुणी निपाणीहून, कुणी उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून पाळी संपवून. प्रश्न ठरलेला असतो: "हा पत्ता कुठल्या अ‍ॅपचा, तेवढं बघा की." मग तो माणूस बसल्या बसल्या फोनमध्ये चार अ‍ॅप टाकतो, वॉलेटची किल्ली असलेले बारा शब्द प्रत्येकात ठोकतो, सगळीकडे शून्य दिसतं, आणि "पैसे गेले" म्हणून कपाळाला हात लावतो. चूक पहिल्याच पायरीवर झालेली असते. म्हणून हा लेख.

उत्तर आधीच सांगतो. नुसत्या पत्त्यावरून अ‍ॅप कळत नाही. केए २२ पाटी दिसली की गाडी बेळगाव आरटीओची, केए २३ म्हणजे चिक्कोडीची, आणि पाटी पिवळी असेल तर गाडी भाड्याची. पण ती कुठल्या शोरूममधून घेतली आणि कुठल्या गॅरेजात जाते, हे पाटीवर नसतं. पत्त्याचंही तसंच. तो चेन (बिटकॉइन, इथेरियम अशी व्यवहारांची सामाईक वही) सांगतो आणि बऱ्याचदा कुलपाचा प्रकार, म्हणजे पैसे कुठल्या पद्धतीने बंद केलेत, तेही सांगतो. तुमचे बारा शब्द मेटामास्कमध्ये घाला किंवा ट्रस्ट वॉलेटमध्ये घाला, इथेरियमचा पहिला पत्ता दोन्हीकडे तोच निघतो. दोन अ‍ॅपचा पत्ता एकच येत असेल, तर पत्ता बघून अ‍ॅप कोण सांगणार?

पण कुलपाचा प्रकार कळणं ही किरकोळ गोष्ट नाही. बहुतेकांचे "गेलेले" पैसे तिथेच सापडतात.

सुरू करण्याआधीची तयारी

चार गोष्टी टेबलावर असू द्या: मूळ वही, कागद किंवा फोन, जिथे पत्ता लिहिलेला आहे, पत्त्याची कॉपी-पेस्ट करता येईल अशी प्रत, एक कोरा कागद, आणि वेळ. घाईत केलेलं काम दोनदा करावं लागतं.

पैसे घरातल्या दुसऱ्या कुणाचे असतील, विशेषतः ती व्यक्ती हयात नसेल, तर बाकीच्या वारसांना आधी सांगा आणि त्यांच्यापैकी एकाला शेजारी बसवा. नंतरची भांडणं मी पाहिली आहेत.

सावधान: बारा किंवा चोवीस शब्द लिहिलेला कागद सध्या घडी घालून खिशात ठेवा. सातव्या पायरीपर्यंत त्याचं काम नाही. फोटो काढू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, दुकानदारालाही दाखवू नका. त्यात मीही आलो.

पायरी १: पत्ता जसाच्या तसा मिळवा

खानापूर तालुक्यातल्या एका मामांनी भाच्याचा पत्ता फोनवरून ऐकून वहीत देवनागरीत उतरवला होता. "बी, सात, के, एम…" असा. बी लहान की मोठा, ते विचारायचं राहून गेलं. पलीकडचा माणूस कन्नडमधून वाचत होता, इकडे मराठीत लिहिलं जात होतं, आणि चौतीस अक्षरांत निदान पाच ठिकाणी घोळ होता. या लेखात मी अक्षरं देवनागरीत लिहितोय ती फक्त वाचण्यासाठी. पत्ता मात्र रोमन अक्षरांतच, लहान-मोठ्या अक्षरांसकट, शक्यतो कॉपी करून घ्यायचा.

हाताने लिहिलेलाच कागद असेल तर एक युक्ती उपयोगी पडते. बिटकॉइनचे १ किंवा ३ ने सुरू होणारे पत्ते, ट्रॉनचे पत्ते आणि सोलानाचे पत्ते बेस५८ पद्धतीने लिहितात. त्यात शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि लहान एल ही चार चिन्हं येतच नाहीत, कारण ती एकमेकांसारखी दिसतात. कागदावर शून्य वाटतंय? मग ते शून्य नाही, आणि मोठा ओही नाही. लहान ओ किंवा क्यू असेल. बीसी१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यात, सुरुवातीचं बीसी१ सोडलं तर पुढे एक हा आकडा आणि बी, आय, ओ ही अक्षरं नसतात.

तपासा: एक्सप्लोररमध्ये, म्हणजे चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, पत्ता टाकल्यावर "चुकीचा पत्ता" असं आलं, तर तुमचं उतरवणं चुकलंय. बहुतेक पत्त्यांच्या शेवटी पडताळणीची अक्षरं असतात, त्यामुळे एखाददुसरी चूक लगेच पकडली जाते. सोलानाच्या पत्त्यात मात्र अशी अक्षरं नाहीत. इथेरियममध्ये ही पडताळणी लहान-मोठ्या अक्षरांत लपवलेली असते. सगळी अक्षरं लहान करून लिहिली की तीही जाते.

पायरी २: चेन ओळखा

पहिली अक्षरं आणि एकूण लांबी, दोन्ही बघा. नुसती सुरुवात बघून ठरवणारे फसतात.

१ किंवा ३ ने सुरुवात, लांबी २६ ते ३४: बहुधा बिटकॉइन. "बहुधा" म्हणण्याचं कारण, बिटकॉइन कॅशचे जुन्या पद्धतीचे पत्तेही असेच दिसतात, आणि लाइटकॉइनमध्येही एके काळी ३ ने सुरू होणारे पत्ते वापरत.

बीसी१ ने सुरुवात: बिटकॉइनच.

शून्य-एक्स आणि पुढे ४० चिन्हं, एकूण ४२: इथेरियम किंवा त्याच्यासारखी कुठलीही चेन. बीएनबी स्मार्ट चेन, पॉलिगॉन, आर्बिट्रम, सगळीकडे तोच पत्ता चालतो. इथेरियमच्या एक्सप्लोररवर शून्य दिसलं म्हणून थांबू नका, बाकीच्या चेनवरही बघा. इथे फार लोक चुकतात.

टी ने सुरुवात, ३४ अक्षरं: ट्रॉन. यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) पाठवायला आपल्याकडचे लोक हीच चेन जास्त वापरतात असा माझा अनुभव.

३२ ते ४४ अक्षरं, ठरावीक सुरुवात नाही: सोलाना असू शकेल. ४ किंवा ८ ने सुरुवात आणि तब्बल ९५ अक्षरं: मोनेरो. एल ने लाइटकॉइन, डी ने डोजकॉइन.

सावधान: हातातली गोष्ट पत्ताच आहे ना, हे आधी बघा. शून्य-एक्स नंतर ६४ चिन्हं असतील तर तो बहुधा व्यवहाराचा क्रमांक. पण ती प्रायव्हेट की, म्हणजे पैसे हलवायची गुप्त किल्लीही असू शकते. बिटकॉइनची प्रायव्हेट की ५, के किंवा एल ने सुरू होते आणि ५१-५२ अक्षरांची असते. लाइटकॉइनचा पत्ताही एल नेच सुरू होतो, म्हणून लांबी मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. प्रायव्हेट की ऑनलाइन कुठल्याही खोक्यात चिकटवली की तिजोरीची किल्ली खडे बाजारात टाकून आल्यासारखं आहे.

एक्सपब, वायपब, झेडपब अशा शब्दांनी सुरू होणारी शंभरावर अक्षरांची ओळ असेल, तर ती पत्ता नसून सगळ्या पत्त्यांची जननी आहे. तिने पैसे काढता येत नाहीत, पण त्या खात्याचे झालेले आणि होणारे सगळे पत्ते बाहेर पडतात. शोधकामाला मात्र ती फार मोलाची: वायपब म्हणजे ३ ने सुरू होणारे पत्ते, झेडपब म्हणजे बीसी१क्यू ने सुरू होणारे.

पायरी ३: बिटकॉइन असेल तर कुलपाचा प्रकार लिहून घ्या

कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत हे लिहा, पुढे लागणार आहे.

१ ने सुरू होणारा पत्ता सगळ्यात जुन्या पद्धतीचा. ३ ने सुरू होणाऱ्याच्या पोटात दोन शक्यता: एक तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली सेगविट पद्धत जुन्या वेष्टनात गुंडाळलेली, किंवा दोन-तीन जणांच्या सह्या लागणारं संयुक्त कुलूप. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, त्या पत्त्यावरून पहिल्यांदा पैसे बाहेर गेल्याशिवाय फरक उघड होत नाही. बीसी१क्यू आणि एकूण ४२ अक्षरं असतील तर एका किल्लीचं साधं सेगविट. बीसी१क्यू पण ६२ अक्षरं असतील तर आत एखादी स्क्रिप्ट, बऱ्याचदा संयुक्त कुलूप. बीसी१पी म्हणजे टॅपरूट ही त्याहून नवी पद्धत, नोव्हेंबर २०२१ नंतरची.

यावरून अ‍ॅपबद्दल अंदाज एवढाच बांधता येतो की कुठलं अ‍ॅप नसेल. टॅपरूट ज्या अ‍ॅपला जमतच नाही ते बाद. २०२१ आधी बंद पडलेला फोन असेल आणि पत्ता बीसी१पी असेल, तर तो पत्ता त्या फोनमधला नाही. वजाबाकी करत जायचं, बेरीज नाही.

एक अपवाद सांगून ठेवतो, कारण कुणीतरी हमखास विचारतं. सॉफ्टवेअरच सदोष असेल तर पत्ता त्याचं नाव फोडतो. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर नावाच्या साधनाच्या ३.क्ष आवृत्त्यांमध्ये शब्द निवडताना यादृच्छिकता इतकी तोकडी होती की एकूण शक्यता सुमारे ४२९ कोटीच उरत. ऐकायला हा आकडा मोठा, पण चांगल्या कॉम्प्युटरला तो एका दिवसाच्या आतला खेळ. कुणीही त्या सगळ्या शक्यतांचे पत्ते काढून यादी करू शकतो. तुमचा पत्ता त्या यादीत निघाला की सॉफ्टवेअर कळलं आणि पैसेही गेले, दोन्ही एकदमच. २०२३ मध्ये हे उघड झालं. ट्रस्ट वॉलेटच्या ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये १४ ते २३ नोव्हेंबर २०२२ या दिवसांत बनवलेल्या वॉलेटांतही असाच दोष होता. फोनच्या अ‍ॅपचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्या दहा दिवसांतलं एक्स्टेन्शनचं वॉलेट तुमच्याकडे असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी पैसे नव्या वॉलेटात हलवा.

पायरी ४: एक्सप्लोररवर बघा, पण फक्त बघा

बिटकॉइनला मेमपूल डॉट स्पेस, इथेरियमला इथरस्कॅन, ट्रॉनला ट्रॉनस्कॅन, सोलानाला सोलस्कॅन. या साइटचं नाव थेट ब्राउझरमध्ये टाइप करा, एक्सप्लोररचं नाव शोधून आलेल्या जाहिरातीच्या दुव्यावर जाऊ नका. "पत्ता टाका, वॉलेट शोधून देतो" म्हणणारी पानं तर उघडूच नका. तिथे दुसऱ्या पानावर बारा शब्द मागतातच.

कागदावर तीन गोष्टी नोंदवा: आज शिल्लक किती, पहिला व्यवहार कधीचा, पैसे बाहेर कधी गेले आहेत का.

शिल्लक दिसत असेल तर निम्मी चिंता मिटली. पैसे अ‍ॅपमध्ये नसतात, चेनवर असतात. अ‍ॅप बंद पडलं, कंपनी बुडाली, फोन मलप्रभेत पडला, तरी ती शिल्लक तिथेच राहते.

शून्य-एक्स पत्ता असेल तर "कॉन्ट्रॅक्ट" असा भाग दिसतो का बघा. दिसला तर तो साध्या किल्लीचा पत्ता नाही, स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं, म्हणजे चेनवरच चालणाऱ्या प्रोग्रामचं वॉलेट आहे. इथे मात्र खरोखर नाव कळू शकतं. सेफसारख्या संयुक्त वॉलेटचा कोड ओळखीचा असतो आणि एक्सप्लोरर तो दाखवतो. इथेरियमच्या मे २०२५ मधल्या पेक्ट्रा नावाच्या बदलानंतर साधा पत्ताही एखाद्या कॉन्ट्रॅक्टला काम सोपवू शकतो. तो कॉन्ट्रॅक्ट कुणाचा हे दिसलं, तर वॉलेटचा माग तिथून लागतो.

तपासा: छोट्या-छोट्या अनोळखी रकमा किंवा शून्य रकमेचे व्यवहार आलेले दिसतात? पाठवणाऱ्याच्या पत्त्याची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं ओळखीची वाटतात? मग मधली अक्षरं जुळवून बघा. सारखा दिसणारा पत्ता मुद्दाम बनवून इतिहासात घुसवायचा, म्हणजे पुढच्या वेळी माणूस तोच कॉपी करेल, अशी ही चाल आहे. इतिहासातून पत्ता कधीच उचलू नये.

पायरी ५: स्वतःचं वॉलेट की एक्स्चेंजचं खातं

हे ठरवल्याशिवाय पुढे गेलात तर दिवस वाया जाईल. पत्ता एक्स्चेंजने, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीने, पैसे जमा करण्यासाठी दिलेला असेल, तर त्याचे बारा शब्द तुमच्याकडे नसतातच. किल्ली एक्स्चेंजकडे असते.

ओळख अशी: पैसे येतात आणि थोड्याच वेळात सगळेच्या सगळे एका मोठ्या, हजारो व्यवहार असलेल्या पत्त्याकडे ओढले जातात. दर वेळी तसंच होतं. त्या मोठ्या पत्त्यावर एक्सप्लोरर बऱ्याचदा एक्स्चेंजच्या नावाची चिठ्ठी लावतो. एक्सआरपीसारख्या चेनवर पत्त्याबरोबर टॅगचा आकडा लिहिलेला असेल, तर जवळपास खात्रीच: पत्ता सगळ्या गिऱ्हाइकांचा एकच, टॅग तुमचा.

एक्स्चेंज निघालं तर इथून पुढचा रस्ता वेगळा. त्या व्यक्तीचा ईमेल, बँक पासबुकातल्या नोंदी, आणि वारस असाल तर कागदपत्रं घेऊन एक्स्चेंजच्या मदत विभागाशी पत्रव्यवहार. शून्य शिल्लक दिसली म्हणून घाबरू नका. पैसे त्यांच्या मोठ्या पत्त्यावर गेलेले असतात, तुमचा हिशेब त्यांच्या वहीत असतो.

पायरी ६: व्यवहारांतल्या खुणा, आणि त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा

पत्ता मुका असतो, व्यवहार थोडे बोलतात. पैसे बाहेर गेले असतील तरच ही पायरी. नुसते जमा झालेले पैसे पाठवणाऱ्याच्या अ‍ॅपबद्दल सांगतात, तुमच्या नाही. हा फरक लोक विसरतात आणि भलत्याच अ‍ॅपच्या मागे लागतात.

बिटकॉइनमध्ये प्रत्येक व्यवहारात लॉकटाइम नावाचा आकडा असतो. बिटकॉइन कोअर आणि इलेक्ट्रम ही वॉलेटं तिथे साधारण त्या वेळच्या ब्लॉकचा (व्यवहारांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक घालतात, कित्येक अ‍ॅप नुसतं शून्य ठेवतात. काही अ‍ॅप येणाऱ्या-जाणाऱ्या रकमा ठरावीक क्रमाने लावतात, काही उलटसुलट. उरलेली मोड कुठल्या प्रकारच्या पत्त्यावर परत येते, नंतर फी वाढवता येईल अशी खूण व्यवहारात ठेवली आहे का, यावरूनही अंदाज लागतो. एकेक खूण कच्ची असते, चार-पाच एकत्र आल्या की गट लहान होतो. बिटकॉइन कोअर की इलेक्ट्रम, एवढ्यावर येऊन बऱ्याचदा गाडी थांबते.

इथेरियमवर एक खूण बरीच पक्की आहे. मेटामास्कच्या आतून नाण्यांची अदलाबदल केली, तर व्यवहार त्यांच्याच स्वॅप राउटरकडे (अदलाबदल करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टकडे) जातो आणि इथरस्कॅन त्याला नावानिशी दाखवतं. पत्त्याच्या मालकाने कधी तरी तशी अदलाबदल केली असेल, तर फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये मेटामास्क होतं, हे धरून चालायला हरकत नाही. पण किल्ली कदाचित हार्डवेअर वॉलेटात, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या छोट्या यंत्रात असेल आणि मेटामास्क नुसती खिडकी. म्हणून घरात पेनड्राइव्हसारखं काही दिसलं तर फेकू नका.

सावधान: या खुणांवरून कुणावर आरोप करू नका. "समोरच्याने अमुक अ‍ॅप वापरलंय, म्हणजे तो अमकाच" असं म्हणून गल्लीत भांडण झालेलं मला माहीत आहे. अ‍ॅप लाखो लोक वापरतात.

पायरी ७: घराची झडती, शब्द मोजा

पत्त्याकडून आता माणसाकडे वळा. वॉलेटचं नाव सापडतं ते बहुतेक वेळा इथेच.

बंद पडलेला फोन चार्जिंगला लावा, पुसू नका, रिसेट करू नका. प्ले स्टोअरमध्ये त्या खात्याने आजवर घेतलेल्या अ‍ॅपची यादी असते, आज फोनमध्ये नसलेलीसुद्धा. ईमेलमध्ये वॉलेट, सीड, लेजर, ट्रेझर असे शब्द शोधा. ऑनलाइन खरेदीच्या पावत्या बघा. बॅगेच्या चोरकप्प्यात, देव्हाऱ्यामागे, गाडीच्या आरसी बुकात कागद ठेवायची सवय आपल्याकडे अजून आहे.

आता खिशातला शब्दांचा कागद काढा. शब्द मोजा. पत्त्यापेक्षा ही मोजणी जास्त बोलते. बारा शब्द: मेटामास्क, ट्रस्ट वॉलेट, फँटम, इलेक्ट्रम आणि इतर कितीतरी. चोवीस: लेजर आणि बरीच हार्डवेअर वॉलेटं. वीस: ट्रेझरची नवी पद्धत. पंचवीस: मोनेरो असण्याची शक्यता मोठी, किंवा चोवीस शब्द आणि वर मालकाने स्वतः जोडलेला एक जादा सांकेतिक शब्द.

अक्षर ओळखू येत नसेल तर घाबरू नका. बीआयपी३९ या प्रचलित पद्धतीत २०४८ इंग्रजी शब्दांची यादी ठरलेली आहे, आणि कुठल्याही शब्दाची पहिली चार अक्षरं दुसऱ्याशी जुळत नाहीत. पहिली चार वाचता आली तर शब्द मिळाला.

इलेक्ट्रमचा मात्र स्वतंत्र संसार आहे. त्याचे बारा शब्द दिसायला तसेच, पण पडताळणी वेगळी. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये घातले तर बहुतेक वेळा "चुकीचे शब्द" असं उत्तर येतं. शब्द नीट वाचता येतात आणि तरी तीन अ‍ॅपनी नाकारले, तर ते इलेक्ट्रमचे असण्याची शक्यता आधी तपासा.

पायरी ८: वॉलेट परत उभं करा, योग्य कप्प्यात

वरच्या त्या मामांचंच पुढचं सांगतो. भाचा गोव्यात हॉटेलात कामाला होता, अपघातात गेला. मागे चोवीस शब्दांचा कागद आणि वहीतला तो पत्ता. कुणीतरी आधीच शब्द एका अ‍ॅपमध्ये घालून बघितले होते, शून्य दिसलं होतं. मामा दुकानात आले ते शेवटचं म्हणून. भाच्याच्या जुन्या मेसेजमधून पत्ता बरोबर मिळाला. ३ ने सुरू होणारा, चौतीस अक्षरांचा. एक्सप्लोररवर शिल्लक होती.

"मग ह्या मोबाइलात का दिसंना?"

"मामा, घर बरोबर आहे, खोली चुकलीय."

तेच शब्द असले तरी त्यातून वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळे पत्ते निघतात. या वाटेला डेरिव्हेशन पाथ म्हणतात. तिसऱ्या पायरीचा कागद आता काढा: १ ने सुरू असेल तर ४४ ची वाट, ३ ने असेल तर ४९ ची, बीसी१क्यू ला ८४, बीसी१पी ला ८६. आधीच्या अ‍ॅपने आपली नेहमीची ८४ ची खोली उघडली होती आणि ती रिकामी होती. भाच्याचे पैसे ४९ च्या खोलीत होते.

काम या क्रमाने करा.

आधी नवं हार्डवेअर वॉलेट शक्य असेल तर तेच घ्या, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, आणि शब्द त्या यंत्रावरच भरा. ते शक्य नसेल तर स्वच्छ, नव्याने सिस्टम टाकलेला कॉम्प्युटर. सायबर कॅफे नको, ऑफिसचा लॅपटॉप नको, पोरांचा गेम खेळायचा पीसी नको.

बिटकॉइनसाठी इलेक्ट्रम सोयीचं आहे. "माझ्याकडे शब्द आहेत" हा मार्ग घेऊन पर्यायांमध्ये बीआयपी३९ निवडा, मग पत्त्याचा प्रकार विचारतो तो कागदावर लिहिल्याप्रमाणे. तिथेच जुनी खाती आपोआप शोधायचं बटणही आहे. इलेक्ट्रम त्याच्या अधिकृत जागेवरूनच उतरवा. नकली इलेक्ट्रमने लुटलेले लोक थोडे नाहीत.

मग शिल्लक बघू नका, आधी पत्त्यांची यादी उघडा आणि वहीतला पत्ता त्यात आहे का ते बघा. बिटकॉइन वॉलेट दर वेळी नवा पत्ता देतं, त्यामुळे तो पहिल्याच ओळीत असेल असं नाही. साधारणपणे अ‍ॅप ओळीने वीस रिकामे पत्ते लागले की शोध थांबवतं. तुमचा पत्ता त्याच्या पलीकडे असेल तर ही मर्यादा वाढवावी लागते.

नाही सापडला? खाते क्रमांक शून्य ऐवजी एक, दोन करून बघा. इथेरियममध्ये हा घोळ दुसऱ्या खात्यापासून सुरू होतो: लेजरच्या अ‍ॅपची आणि मेटामास्कची पहिली वाट एकच, दुसऱ्या खात्याची वेगळी. सोलानातही वाटा एकापेक्षा जास्त आहेत.

तरीही नाही? जादा सांकेतिक शब्दाचा विचार करा. तो चुकीचा घातला तरी अ‍ॅप तक्रार करत नाही, गुपचूप दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं. अक्षर लहान-मोठं आणि मधली रिकामी जागा, सगळं मोजलं जातं.

सापडलं की त्याच दिवशी पैसे नव्या शब्दांच्या नव्या वॉलेटात हलवा. जुने शब्द कुणाकुणाच्या फोनमध्ये पडून आलेत, देव जाणे. आधी थोडी रक्कम, ती पोचल्याचं बघून बाकीची. इथेरियमवर टोकन हलवायला फी म्हणून थोडं इथर (इथेरियमचं नाणं) लागतं, ट्रॉनवर यूएसडीटी हलवायला ट्रॉनचं नाणं.

सावधान: उलट बाजूनेही सापळा असतो. कुणी अनोळखी माणूस "मला जमत नाही, हे घ्या शब्द, यात यूएसडीटी आहेत" म्हणून पाठवतो. बघितलं तर खरंच शिल्लक असते. तुम्ही फीसाठी ट्रॉन पाठवता, ते गायब होतं, आणि यूएसडीटी हलत नाहीत, कारण त्या खात्याचे अधिकार आधीच दुसऱ्या किल्लीकडे दिलेले असतात.

पायरी ९: फसवणुकीचं प्रकरण असेल तर

"त्याचं वॉलेट कुठलं ते कळलं की पकडू" असं म्हणत दोन दिवस घालवू नका. अ‍ॅपचं नाव कळून पैसे परत येत नाहीत. आधी १९३० ला फोन, मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, मग जिल्ह्याचं सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं) पोलीस ठाणं. पैसे कुठल्या एक्स्चेंजकडे गेले हे पाचव्या पायरीने दिसलं असेल तर ते तक्रारीत ठळक लिहा. एक्स्चेंजला माहिती मागायचा अधिकार पोलिसांना आहे, तुम्हाला नाही.

तक्रार कन्नडमध्ये टाइप होईल. त्यात पत्ता आणि व्यवहाराचा क्रमांक रोमन अक्षरांतच राहू दे असं सांगा, आणि शक्यतो छापलेला कागद जोडा. स्क्रीनशॉटबरोबर मजकूर म्हणूनही द्या, चित्रातून अक्षरं परत उतरवताना पहिल्या पायरीचा सगळा घोळ पुन्हा होतो. सही करण्याआधी शेजारी बसून एकेक अक्षर जुळवा. मी एकदा ते केलं नाही. ओळखीच्या माणसाच्या तक्रारीत एक अक्षर चुकलं, पत्ता कुठल्याच चेनवर सापडेना, आणि दुरुस्तीच्या अर्जात आठवडा गेला. तक्रारीच्या क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

त्यानंतर "पैसे काढून देतो, आधी फी भरा" म्हणणारे फोन येतील. ते त्याच टोळीतले असू शकतात.

पायरी १०: घरच्यांसाठी वहीत काय लिहून ठेवायचं

हे तुमच्या वहीसाठी. शब्द वेगळ्या जागी, आणि वहीत एवढ्याच ओळी: अ‍ॅपचं किंवा यंत्राचं नाव, कुठल्या वर्षी घेतलं, शब्द किती, पत्ता कशाने सुरू होतो, वाट ४४, ४९, ८४ की ८६, जादा सांकेतिक शब्द आहे की नाही, आणि कुठल्या चेनवर काय आहे. मामांनी आता स्वतःचंही तसं लिहून काढलंय. पत्ता मात्र त्यांनी हाताने लिहिला नाही, दुकानातून छापून नेला आणि वहीत चिकटवला.